पाऊस लागला की टेलिफोन लाइनवरचं नेट तुटतं? नवा मोडेम घ्यायच्या आधी हे करून बघा

जून लागला की मला फोन यायला सुरुवात होते. इथे गोव्यात, फोंड्यातून, माशेलातून, एकदा तर वाळपईच्या पलीकडून. म्हणणं सगळ्यांचं एकच, नेट सारखं तुटतंय, मोडेम गेला वाटतं, कुठला घेऊ सांगा. गेली पंधराएक वर्षं मी नात्यातल्या, ओळखीतल्या आणि आमच्या वाड्यावरच्या घरांत हाच दोष काढत आलोय, आणि मोडेम खरोखर मेलेला मला फार थोड्या वेळा सापडला. बाकी सगळ्या वेळी दोष त्या दोन तांब्याच्या तारांत, त्यातही तारा जिथे जोडल्यात तिथे. म्हणून मोडेमवर दीड-दोन हजार घालवायच्या आधी खालचं सगळं क्रमाने करा. पहिल्या चार-पाच गोष्टींना एक पैसाही लागत नाही.

हे सगळं ज्यांच्या घरी अजून जुन्या टेलिफोनच्या तांब्याच्या वायरीवर एडीएसएल, म्हणजे फोनच्याच लाइनीवरून येणारं नेट, आहे त्यांच्यासाठी. फायबर आलं असेल तर ही पोस्ट तुमच्या कामाची नाही, आणि दारापर्यंत फायबर येत असेल तर खुशाल घ्या. पण आतल्या गावात, कुळागरांच्या बाजूला, अजून अशी घरं आहेत जिथे तीच एक वायर आहे आणि मोबाईलची रेंज आली तर आली.

आधी लक्षणं बघा, नीट

"नेट जातं" एवढ्याने काहीच कळत नाही. कधी जातं, जाताना कुठला लाईट काय करतो, त्या वेळी फोनचं काय असतं, हे दोन दिवस बघून कागदावर लिहा. मला कोणी असा कागद दाखवला की अर्धं काम तिथेच होतं.

मोडेमवर डीएसएल किंवा लिंक नावाचा एक लाईट असतो आणि इंटरनेट नावाचा दुसरा. डीएसएल स्थिर आहे आणि फक्त इंटरनेटचा लाल किंवा बंद, तर तुमची तांब्याची लाइन ठीक आहे, भानगड लॉगिनची, बिलाची किंवा पुढे कंपनीकडची आहे, वायरींना हात लावू नका. डीएसएलचाच लाईट लुकलुकतोय तर दोष लाइनीत. आणि सगळेच लाईट एकदम जाऊन परत येत असतील तर तो विजेचा किंवा अडॅप्टरचा प्रकार.

फोन वाजला किंवा उचलला की नेट तुटतं, तर स्प्लिटर, म्हणजे फोन आणि नेट वेगळं करणारी छोटी डबी. पाऊस सुरू झाला की तुटतं आणि दुपारी ऊन पडलं की आपोआप सुधारतं, तर कुठेतरी जोडात पाणी जातंय. रात्री आठ ते अकरा हळू पण तुटत मात्र नाही, तर ती गर्दी, त्याला तुम्ही-मी काही करू शकत नाही.

दोन लक्षणं लोकांना बुचकळ्यात टाकतात, ती मुद्दाम सांगतो. एक, फोन पूर्ण मेलेला, डायल टोन नाही, पण नेट रडतखडत चालू. लोक म्हणतात लाइन असती तर फोन पण चालला असता. तसं नाही. फोनला दोन्ही तारा लागतात कारण त्यातून बॅटरीचा करंट फिरतो, पण एडीएसएलचा सिग्नल इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीचा असतो की एक तार तुटलेली असली तरी तो थोडाफार पलीकडे पोचतो. म्हणजे असं दिसलं की एक तार कुठेतरी तुटलीय, हे जवळजवळ पक्कं.

दुसरं, नेट बंद असतं आणि कोणाचा तरी फोन आला किंवा तुम्ही रिसिव्हर उचलून बोललात की नंतर काही वेळ नेट छान चालतं. हा गंजलेला जोड. तांब्यावर गंजाचा पातळ थर बसला की त्यातून बारीक सिग्नल नीट जात नाही, पण फोन उचलल्यावर काही मिलिअँपिअर करंट वाहतो, रिंगच्या वेळी व्होल्टेज अजून वाढतं, आणि तो थर तेवढ्यापुरता फुटतो. काही तासांनी परत जैसे थे. आमच्या वाड्यावरची एक मामी, मुलगा बोटीवर, रविवारी व्हिडिओ कॉल करायचा तर आधी शेजारणीला सांगायची, मला एक फोन कर गो. तिला वाटायचं योगायोग. योगायोग नव्हता, रोझेटमधला, म्हणजे भिंतीवरच्या टेलिफोनच्या पेटीतला, एक स्क्रू हिरवा पडला होता.

आता तपासण्या, फुकटच्या आधी

मोडेम बंद करा आणि दोन मिनिटं बंदच ठेवा, पाच सेकंदांत परत लावू नका. पुन्हा लावल्यावर डीएसएल लाईट स्थिर व्हायला एक-दोन मिनिटं लागतात, तेवढा धीर धरा. मागचं पिन घालून दाबायचं रिसेटचं भोक असतं, त्याला मात्र हात लावू नका, त्याने आतली सगळी सेटिंगं पुसली जातात, युजरनेम पासवर्ड सगळं. कोणी आधीच दाबलं असेल तर परत भरताना सेटिंगमधले व्हीपीआय ० आणि व्हीसीआय ३५ हे कंपनीच्या जोडणीचे दोन आकडे बघा, आपल्याकडच्या एडीएसएल लाइनींवर बहुतेक हेच चालतात आणि हे चुकले तर डीएसएलचा लाईट सुंदर स्थिर दिसतो पण नेट येत नाही, माणूस वेडा होतो शोधून शोधून.

मोडेम हाताला तापलेला लागतो का बघा. शोकेसमध्ये, टीव्हीच्या मागे, वर विणलेला रुमाल घालून ठेवलेला असतो. बाहेर काढा, हवा लागू दे. अडॅप्टर पण बघा. लाईट सगळे एकदम जातात असं लक्षण असेल तर अडॅप्टरच थकलेला असतो, आमच्याकडे पावसात व्होल्टेज किती नाचतं ते सांगायला नको. दुसरा लावताना व्होल्ट अगदी तेवढेच पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, आणि पिनच्या प्लस-मायनसची खूण जुळली पाहिजे. हे न बघता टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर लावून जाळलेला मोडेम मी बघितलाय.

मग वायफाय आणि लाइन वेगळी करा. लॅपटॉपला लॅनची केबल लावून बघा. केबलवर नेट ठीक आणि आतल्या खोलीत मोबाईलवर नाही, तर लाइनीचा काही दोष नाही, तुमच्या भिंतींचा आहे. जुन्या चिऱ्यांच्या घरांत भिंती दीड-दीड फूट जाड, पावसात ओल धरलेल्या, त्यातून वायफाय दोन खोल्यांपुढे जातच नाही. तिथे मोडेम मधल्या खोलीत आणणं हाच उपाय, लाइनमनला कशाला बोलवायचं.

फोन कानाला लावा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तपासणी ही, आणि हीच कोणी करत नाही.

मोडेम काढून ठेवा. साधा वायरचा फोन घ्या, कॉर्डलेस नको कारण त्याची स्वतःची खरखर असते. उचला, डायल टोन येईल, मग कुठलाही एक आकडा दाबा म्हणजे टोन थांबेल. आता दहा-पंधरा सेकंद गप्प ऐका. लाइन चांगली असेल तर शांतता असते. खरखर, तव्यावर पाणी पडल्यासारखी चरचर, किंवा सततचं घूं असं ऐकू आलं तर दोष सापडायच्या मार्गावर आहे. चरचर म्हणजे ओला किंवा गंजलेला जोड. सततचं घूं म्हणजे एक तार बहुतेक कुठेतरी जमिनीला किंवा ओल्या भिंतीला लागलीय, दोन तारांचा तोल गेलाय आणि शेजारून जाणाऱ्या विजेचा आवाज आत येतोय.

हे का चालतं ते सांगतो. तुमचा आवाज त्या तारांवर चार किलोहर्ट्झच्या खाली असतो आणि नेट त्याच तारांवर साधारण पंचवीस किलोहर्ट्झपासून वर, एडीएसएल टू प्लस असेल तर बावीसशेपर्यंत. म्हणजे वाट एकच, मजले वेगळे. जो जोड कानाला ऐकू येईल इतका खराब आहे तो वरच्या मजल्यावर कितीतरी जास्त नुकसान करतो. म्हणून "फोनवर थोडी खरखर आहे पण बोलता येतं, ते जाऊ दे, तू नेटचं बघ" असं म्हणू नका. ती खरखर गेली की नेट येतं. पण फोन शांत म्हणजे नेट नक्की ठीक असंही नाही, वरच्या मजल्यावरचा दोष कानाला येत नाही, त्यासाठी पुढचं वाचा.

आणि हे भर पावसातच करा, उन्हात नको. उन्हात जोड सुकलेला असतो आणि लाइनमन आला की सगळं ठणठणीत, मग तो म्हणतो तुमचं काही बिघडलेलं नाही. फक्त विजा चमकत असतील तर फोन कानाला लावायचा नाही, ते नंतर.

स्प्लिटर आणि जादा फोन

ती छोटी पांढरी डबी, तीन भोकांची. एकात बाहेरून येणारी लाइन, एकात फोन, एकात मोडेम. साफसफाईत वायरी काढून परत लावताना हमखास उलटसुलट होतात, ते आधी बघा. मग डबी पूर्ण काढा आणि बाहेरची लाइन थेट मोडेमला लावा, फोन लावूच नका. तासभर नेट टिकलं तर डबी किंवा तो फोन खराब, डबी शंभरेक रुपयांत नवी मिळते.

चवथीला हा प्रकार जास्त होतो. घर भरलेलं, कोणीतरी माळ्यावरचा जुना फोन काढून आतल्या खोलीत लावतो, पाहुण्यांना बरं पडावं म्हणून, आणि तो फोन स्प्लिटरच्या आधी जोडलेला असतो. लाइनीवरच्या प्रत्येक फोनला, फॅक्सला, स्प्लिटर किंवा त्याच कामाचा छोटा फिल्टर लागतो. एक जरी तसाच राहिला तरी तो उचलला की नेट गेलं. माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या चौकटीचा, खिळा मारताना भिंतीवरची वायर चेपली जाते ते वेगळंच, ते पण बघून घ्या.

रोझेट उघडा

इथपर्यंत हातात पेचकस लागला नाही, आता लागेल. रोझेट म्हणजे भिंतीवरची ती छोटी पेटी जिथे बाहेरची वायर संपते. लाइनीवर नुसतं असताना अठ्ठेचाळीस व्होल्ट डीसी असतात, त्याने सहसा काही होत नाही, पण नेमकी त्याच वेळी रिंग आली तर सत्तर-ऐंशी व्होल्ट एसी येतात आणि ओल्या हाताला चांगला झटका बसतो. म्हणून हात कोरडे, पायात चप्पल, आणि बाहेर गडगडत असेल तर अजिबात नाही.

आत बहुतेक वेळा तीनपैकी एक दिसेल: स्क्रूवर हिरवी पूड, मुंग्यांनी आणलेली माती, किंवा सैल झालेला स्क्रू. हिरवी पूड म्हणजे तांब्याचा गंज, किनाऱ्याकडच्या घरांत खारा वारा असतो म्हणून तिथे जास्त. तारेचं काळं-हिरवं टोक कापून टाका, सेंटिमीटरभर नवं तांबं सोला, स्क्रू घासून साफ करा, नीट आवळा. तार खाचलेली असेल तर तीही मागून कापा, नाहीतर पुढच्या महिन्यात तुटते.

एक कळकळीची विनंती, त्यात खोबरेल तेल घालू नका. गंज धरू नये म्हणून घालतात, मी कितीतरी घरांत बघितलंय. तेलाला धूळ चिकटते, मुंग्या येतात, दोन पावसाळ्यांत आधीपेक्षा वाईट होतं. इलेक्ट्रिकच्या दुकानात काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो, तो मारा आणि सुकू द्या.

आता खरी परीक्षा. रोझेटमधून घरात पुढे जाणाऱ्या सगळ्या वायरी सोडवा, फक्त बाहेरून येणारी जोडी ठेवा आणि मोडेम तिथेच आणून एका छोट्या वायरीने लावा. एक पूर्ण दिवस तसंच राहू द्या, पाऊस असेल तर उत्तमच. नेट टिकलं तर दोष तुमच्या घरातल्या वायरिंगमध्ये आणि तो तुम्ही काढू शकता. नाही टिकलं तर दोष बाहेर आणि तो तुमचा नाही. या एका तपासणीने लाइनमनशी होणारा निम्मा वाद मिटतो.

घरातला दोष बहुतेक वेळा जुन्या एक्स्टेन्शनमध्ये असतो. कधीकाळी वर माडीवर फोन होता, फोन गेला पण वायर तशीच राहिली, टोक मोकळं लोंबतंय. त्या मोकळ्या टोकावर आपटून सिग्नल परत फिरतो आणि मूळ सिग्नलमध्ये गोंधळ घालतो. अशी वायर नुसती गुंडाळून ठेवून उपयोग नाही, रोझेटमधून सोडवूनच टाका. आणि ती चपटी टेलिफोनची वायर पंधरा-वीस मीटर ओढलेली असेल तर ती पण बदला. त्यातल्या तारा एकमेकींभोवती पिळलेल्या नसतात आणि पिळ असतो तो बाहेरचा आवाज दोन्ही तारांवर सारखा पडून कटावा म्हणूनच असतो. लॅनच्या केबलमधली एक पिळलेली जोडी वापरा, तीच जोडी हां, दोन वेगवेगळ्या जोड्यांतली एक-एक तार घेतलीत तर पिळाचा काही फायदा नाही.

मोडेमच्या आतले आकडे

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका, मोडेमच्या खाली लिहिलेला पासवर्ड द्या आणि स्टेटस किंवा डीएसएल स्टॅटिस्टिक्स असं पान शोधा. दोन आकडे पाहिजेत.

एसएनआर मार्जिन, म्हणजे लाइनीवरच्या गोंगाटात नेट टिकायला सिग्नल जेवढा वर लागतो त्याहून तो किती जास्त वर आहे. सहा डीबीच्या (डेसिबलच्या) खाली गेलं की लाइन तुटायला लागते, सात ते दहा म्हणजे कशीबशी, अकराच्या वर असेल तर निवांत. दुसरा अटेन्युएशन, म्हणजे एक्सचेंजपासून येता येता सिग्नल किती झिजला. किलोमीटरला साधारण तेरा-चौदा डीबी धरा. तीसच्या खाली छान, पंचेचाळीसपर्यंत चालतं, साठच्या आसपास असेल तर त्या लाइनीकडून जास्त अपेक्षा करू नका. जाहिरातीतले चोवीस एमबीपीएस हे एक्सचेंजच्या अगदी जवळच्यांना, दोन किलोमीटरच्या पुढे वेग भराभर उतरतो.

सकाळी, रात्री आणि पावसात असे तीन वेळा या पानाचे फोटो काढा. अटेन्युएशन हा अंतराचा आकडा, घर काही हलत नाही, म्हणून तो फारसा बदलायला नको. पावसात तो पाच-सात डीबीने वाढत असेल तर वाटेत जोड खराब आहे याचा याहून चांगला पुरावा नाही.

एक्सचेंजपासून लांब असाल आणि मार्जिन कायम कमी असेल तर एक उपाय घरबसल्या करता येतो. सेटिंगमध्ये मोड्युलेशन, म्हणजे सिग्नल पाठवायची पद्धत, एडीएसएल टू प्लसवरून काढून जी डीएमटी ही जुनी पद्धत करा. वरचा आकडा कमी होतो, आठ एमबीपीएसच्या पुढे जाणार नाही, पण लांबच्या लाइनीवर तसाही तेवढा येत नव्हता, आणि वरच्या फ्रिक्वेन्सी सोडून दिल्याने लाइन टिकते. मुलांच्या ऑनलाइन क्लासच्या दिवसांत मी हे बऱ्याच घरांत करून दिलं. दोन एमबीपीएस अखंड मिळालेलं बरं, सहा मिळून दर दहा मिनिटांनी तुटण्यापेक्षा.

इथे थांबा

घराबाहेर फक्त डोळ्यांनी बघायचं. खांबावरून घरी येणारी वायर माडाला घासतेय का, चुडत पडून ताणलीय का, घरात शिरण्याआधी तिला खाली झुकलेला वळसा आहे का. वळसा नसेल तर पाणी वायरीवरून ओघळत सरळ रोझेटमध्ये येतं, तो घरातून हात पोचत असेल तर तुम्ही देऊ शकता.

पण खांबावर चढायचं नाही. शिडी लावून डीपीची, म्हणजे खांबावरच्या जोडांची, पेटी उघडायची नाही, त्यात शेजाऱ्यांच्याही लाइनी असतात. टेलिफोनची वायर तुटून विजेच्या तारेवर किंवा जवळ पडली असेल तर तिला काठीनेसुद्धा शिवू नका, घरातला मोडेमही नाही, आधी वीज खात्याला फोन. वीज पडल्यावर मोडेममधून जळका वास आला किंवा रोझेट काळं पडलं तर ते पण व्यावसायिकाचं काम. मे महिन्यातल्या वळीवात आणि पाऊस सरताना ऑक्टोबरात गडगडायला लागलं की मोडेमची वीज आणि टेलिफोनची पिन दोन्ही काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, बहुतेक मोडेम टेलिफोनच्या वायरीतूनच जळतात.

तक्रार नोंदवताना "नेट चालत नाही" असं सांगू नका, मग तुम्हाला परत मोडेम बंद-चालू करायला सांगतील. सांगा, फोनवर खरखर आहे, घरातलं वायरिंग सोडवून रोझेटवरच तपासलंय, पावसात अटेन्युएशन एवढं वाढतं. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, लिहून घ्या. लाइनमन आला की त्याला फोटो दाखवा. या लोकांकडे माणसं कमी, गावं पाच-पाच, आणि दोष नेमका कुठे आहे हे कळलं तर ते मन लावून काम करतात हा माझा अनुभव आहे. डीपीतला जोड नवा करायला सांगा, जुन्यालाच परत पिळ देऊन टेप गुंडाळलेला पुढच्या पावसापर्यंत टिकत नाही, जेल भरलेला कनेक्टर पाहिजे. तेवढ्यानेही भागलं नाही तर केबलमधली दुसरी मोकळी जोडी मागा, आणि जोडी बदलूनही तेच राहिलं तर एक्सचेंजमधला पोर्ट, म्हणजे तुमची लाइन तिथल्या यंत्राला जिथे जोडलीय ती जागा, बदलायला सांगा.

आणि तो निघायच्या आधी १९२.१६८.१.१ परत उघडा, दोन्ही आकडे त्याच्यासमोर बघा, तारखेसकट लिहून रोझेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या जूनमध्ये तिथूनच सुरुवात करता येते.